तुला चेरोकी येते

साउथहॅम्प्टन,
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय मंजिरी,

हे पत्र तुला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहायला बसले आहे. गेली एकोणीस वर्षं मी तुझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते आणि इंग्लिशमध्ये मला धड रागावतासुद्धा येत नाही. 'आय ॲम व्हेरी क्रॉस विथ यू' म्हटलं की माझं मलाच हसू येतं, वाटतं कुठल्यातरी शाळेतल्या बाई बोलतायत. तेव्हा आज माझ्या भाषेत, माझ्या आवाजात, पोटभर रागावणार आहे. आणि पत्र घेऊन स्टॅनमोरला वैजयंतीमावशीकडे पळायचं नाही, आईने काय लिहिलंय ते सांग म्हणून. तिला मी शपथ घातली आहे. तिने एक ओळ जरी तुला इंग्लिशमध्ये सांगितली तर तिच्याशी कट्टी, आणि या वयात नवी मैत्रीण कुठून आणायची हा प्रश्न तिलाही आहे.

तर राग कशाचा? गेल्या रविवारी तू बेसिंगस्टोकहून आलीस. बॅग हॉलमध्ये टाकलीस, कोट खुंटीला लावलास, आणि आई, कशी आहेस, एवढं विचारायच्या आधी आरशासमोर उभी राहिलीस. जिभेचं टोक दातांमागे टेकवायचं आणि हवा दोन्ही बाजूंनी सोडायची. त्ला. त्ला. त्ला. मी स्वयंपाकघरात अळूची भाजी ढवळत मोजत होते. चाळीस वेळा म्हणालीस. मग धावत आत येऊन म्हणालीस, आई, आय हॅव गॉट इट! मी व्हेरी गुड म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्ला म्हणजे चेरोकीमध्ये नाही. अगं, आपलं आडनाव पळसुले. फोनवर तू सांगतेस पलसूल. समोरचा गोरा चुकला तर समजू शकते, पण तू? तुझ्या बापाचं नाव आहे ते. ज्या जिभेला त्ला जमतो तिला ळ जमत नाही, असं मला सांगू नकोस, मी ऐकून घेणार नाही. जमवायचा नसतो, एवढंच. असं मला त्या दिवशी वाटलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली की भाजीत मीठ दोनदा पडलं. तू दोनदा वाढून घेतलीस आणि लव्हली म्हणालीस, त्याचाही राग आला.

मला ॲडाचं सगळं माहीत आहे. कसं नसेल, एप्रिलपासून तू दुसरं बोललीच नाहीस. ॲडा प्रिचर्ड, वय एक्याऐंशी, ओक्लाहोमातली चेरोकी बाई. इथल्या एका बोटीवरच्या इंजिनिअरशी लग्न करून पन्नास वर्षांपूर्वी हॅम्पशरला आली. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि मग स्ट्रोक झाला. स्ट्रोकमध्ये इंग्लिश सगळं पुसून गेलं, राहिली फक्त लहानपणची भाषा. नर्सिंग होममधल्या मुलींना ती भाषा आहे हेच कळेना. फायलीत लिहिलं होतं म्हणे, अर्थहीन आवाज काढते. तू तिची स्पीच थेरपिस्ट. तू तासभर तिच्याजवळ बसलीस आणि तुझ्या लक्षात आलं की हे अर्थहीन नाही, यात तेच तेच शब्द पुन्हा येतायत, वाक्य कुठे संपतं तेही कळतंय. 'अमा, अमा' म्हणत ती दिवसभर ओरडायची, आणि त्या मुली तिच्या अंगावर पांघरूण घालायच्या, खिडकी लावायच्या, उशी बदलायच्या. बाईला पाणी हवं होतं. तू ते शोधून काढलंस. शाब्बास. ही शाब्बासकी खरी आहे, तिच्यात राग नाही. राग पुढे आहे.

मग तू ओक्लाहोमाला पत्रं लिहिलीस, तिथून सहा कॅसेटी आणि एक पुस्तक मागवलंस. एम-थ्री हायवेवरून येताजाता गाडीत त्या कॅसेटी. कुणी म्हातारबुवा सावकाश बोलतात, मध्ये थांबतात, त्या थांबण्यात तू म्हणायचंस. ऐकायचं, थांबवायचं, म्हणायचं, गळ्याला बोट लावून कंप बघायचा, पुन्हा ऐकायचं. काय ती चिकाटी! माझ्या स्वयंपाकघरात तू चिठ्ठ्या चिकटवल्यास, दारावर, खुर्चीवर, नळावर, आणि चहाचं पाणी तापवायचं ते विजेचं भांडं असतं ना, त्याच्यावरसुद्धा. त्यांची लिपी मी पाहिली. पंच्याऐंशी अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक स्वर मिसळलेलं व्यंजन. गा, गे, गी, गो, गू. मी हातातलं लाटणं ठेवलं आणि बघतच राहिले. अगं, ही तर बाराखडी! तू मला उत्साहाने समजावत होतीस की आई, इट्स नॉट ॲन आल्फाबेट, एक अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चार, इझन्ट इट क्लेव्हर? मला! मी सांगलीला कॉलेजात वक्तृत्वाच्या चार ढाली आणल्या आहेत, आणि तू मला बाराखडी म्हणजे काय ते सांगत होतीस. मी पुन्हा पोळ्या लाटायला घेतल्या.

आणि तो सहावा स्वर! तो तुला येईना. नाकातला अ. तू दर वेळी ओठ मिटून अम् म्हणायचीस. तूच सांगितलं होतंस ना, की चेरोकीमध्ये प नाही, ब नाही, एखादा म सोडला तर ओठांना फारसं कामच नाही, सगळा कारभार जिभेचा, नाकाचा, घशाचा. तीन रविवार तू अम् अम् करत बसलीस. शेवटी मला राहवेना. मी तव्यावरून नजर न हलवता म्हटलं, अंहं, ओठ मिटू नकोस. आणि तू गर्रकन वळलीस. म्हणालीस, आई, पुन्हा म्हण. अंहं. पुन्हा. तोच होता तो स्वर. लहानपणी जेवणाआधी बिस्किट मागितलंस की मी म्हणायचे तो अंहं. तो तुझ्यात होता, बघ. तूसुद्धा अजून नको म्हणताना अंहंच म्हणतेस, तुला माहीतही नाही. मला मिठी मारलीस, म्हणालीस, यू आर अ नॅचरल. मग गेलीस बेसिंगस्टोकला, ॲडाला म्हणून दाखवायला. माझ्या तोंडातला आवाज घेऊन गेलीस आणि तिला दिलास. त्या संध्याकाळी मी बाबांच्या फोटोशी भांडले.

आता मला सांग, राग येऊ नये का? या घरात मराठी बोलणारी मी एकटी उरले. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आता माझी मराठी रविवारी सकाळी वैजयंतीशी फोनवर अर्धा तास, आणि दिवाळीला पुण्याच्या बहिणीशी, सुमनशी, दहा मिनिटं, तीही तिची नातवंडं मध्येमध्ये ओरडत असताना. बाकी आठवडाभर मी माझ्या भाषेत फक्त कुंडीतल्या तुळशीशी बोलते. आणि पोटची पोरगी एका परक्या म्हातारीशी तिच्या भाषेत बोलता यावं म्हणून जीव पाखडते. मला दुसरं काही नको आहे, मंजू. तू माझ्याशी बोलावंस. माझ्या भाषेत. एवढंच हवं आहे, आणि ते मी तुला कधी मागू शकले नाही. का, तेही लिहिते.

तुला आठवत नसेल, पण तू मराठी बोलायचीस. बोलायचीस काय, टकळी चालवायचीस. आम्ही अठ्ठ्याहत्तरमध्ये इथे आलो, बाबा भूल देणारे डॉक्टर म्हणून हॉस्पिटलात लागले, तू चार वर्षांची. बसमध्ये मोठमोठ्याने विचारायचीस, आई, त्या आजीचं नाक एवढं लाल का आहे गं? मी खूश, कुणाला कळत नव्हतं म्हणून. पुढच्या सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली आणि शाळेत तू तीन महिने तोंड उघडलं नाहीस. एक शब्द नाही. तेव्हा त्या मिस हॅलोवेल घरी आल्या. मुलांच्या बोलण्याच्या तज्ज्ञ. तुझ्याच धंद्यातल्या. चांगल्या होत्या हो दिसायला, करड्या रंगाचा सूट, गळ्यात मोत्यांची माळ. माझ्या हातचा चिवडा खाल्ला, चहा प्यायल्या, आणि म्हणाल्या, यू आर कन्फ्यूझिंग हर. घरात एकच भाषा. आजपासून इंग्लिश. मुलीने तुमच्या भाषेत काही मागितलं तर कळलं नाही असं दाखवा. बोट दाखवलं तरी देऊ नका. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता काहीतरी बोलतील. तर बाबा म्हणाले, सुलक्षणा, त्या एक्सपर्ट आहेत. माझ्या कामात मी पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकतो का? झालं. कप्पाळ माझं! एवढा शिकलेला माणूस, आणि एका गोऱ्या बाईच्या मोत्याच्या माळेपुढे मान डोलावून मोकळा. आणि मी? मी बी.ए. मराठी, मी ढालीवाली, मी काय केलं? मीपण मान डोलावली. आपण परक्या देशात, पोरीचं नुकसान नको, या लोकांना जास्त कळतं.

ऐंशीचा फेब्रुवारी. तू शाळेतून आलीस, गाल लाल, एक हातमोजा हरवलेला. म्हणालीस, आई, पाणी दे गं. मी ग्लास भरला. आणि हातात ग्लास धरून म्हटलं, पार्डन? तुला वाटलं मी खेळतेय. हसलीस. पाणी, पाणी, म्हणून नाचलीस. मी म्हटलं, आय डोन्ट अंडरस्टँड. मग तू माझ्याकडे असं बघितलंस! मला आजही त्या नजरेचं काय करावं ते कळत नाही. तुला वाटलं असेल, हिला काय झालं, ही बाई कोण. तू बोट दाखवलंस. मी ग्लास ओट्यावर मागे सरकवला, तुझा हात पोचणार नाही असा. चाळीस मिनिटं चाललं ते. रडून मागितलंस, ओरडून मागितलंस, पदर ओढलास. शेवटी जिना चढून वर गेलीस, आणि बाथरूमच्या नळाला ओंजळ लावून प्यायलीस. मला खालून ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, वॉटर प्लीज. मिस हॅलोवेलनी वहीत चांदणी लावली. ईस्टरपर्यंत सगळं संपलं. साडेपाच वर्षांची मराठी सहा आठवड्यांत गेली. आम्ही बाहेर जेवायला गेलो त्या रात्री, सेलिब्रेट करायला. मला तिथे वांती झाली; बाबांना वाटलं, मासा शिळा होता.

आणि गाडी. ती तरी तुला आठवते. नियम म्हणजे नियम, बाबांनी घरात स्वतःलासुद्धा मराठीबंदी केली होती, पोरीच्या कानावर पडायला नको. पण नवराबायकोने भांडायचं कुठे? इंग्लिशमध्ये? बाबा आय बेग टू डिफर म्हणायचे आणि भांडण तिथेच मरायचं. म्हणून मग दर रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही दोघं दारातल्या गाडीत जाऊन बसायचो. काचा वर करून. गाडी सुरू करायची नाही, कुठे जायचं नाही. अर्धा तास नुसतं मराठी. पहिली दहा मिनिटं आम्ही दोघंही एकदम बोलायचो. सांगलीचं, पुण्याचं, आठवडाभराचं. शेजारच्या मिसेस टिब्सना वाटायचं आमचा घटस्फोट होतोय. तू पुढच्या खोलीच्या खिडकीला नाक लावून उभी असायचीस. मला दिसायचीस. मी हात हलवायचे, आणि काच खाली करायचे नाही.

यंदा मे महिन्यात मी तुला विचारलं, की मंजू, त्या बाईचं बोलणं भाषा आहे हे बाकी कुणाला कळलं नाही, तुलाच कसं कळलं? तू टोस्टला लोणी लावता लावता म्हणालीस, बिकॉज इट साउंडेड लाइक यू अँड बाबा इन द कार. न कळणारी भाषा ऐकायला कशी असते ते मला लहानपणापासून ठाऊक आहे, असं म्हणालीस. सहज म्हणालीस गं, वर जॅमही मागितलास. मी जॅम दिला. माझ्या मराठीचा तुला जन्मात काय उपयोग झाला, तर एवढा. दुसऱ्या कुणाची तरी भाषा ओळखायला.

जून महिन्यात तू डोळे पुसत मला सांगत होतीस, ॲडाला सहाव्या वर्षी बोर्डिंगच्या शाळेत टाकलं होतं. चेरोकी बोलली की तोंडात साबण. हाऊ कुड दे, आई, हाऊ कुड एनीबडी डू दॅट टू अ चाइल्ड? मी चहा करत होते. पाठ तुझ्याकडे होती. पाच मिनिटं मी एकाच कपात चमचा फिरवत राहिले. तुझ्या एकदाही मनात आलं नाही का? की येऊनही तू बोलली नाहीस? हे मला आजतागायत कळलेलं नाही. ॲडाच्या तोंडात परक्यांनी साबण घातला. तुझ्यासमोरचं पाणी तुझ्या आईने मागे सरकवलं, आणि तिला कुणी मारलं नव्हतं, डांबलं नव्हतं. एक गोड बाई चिवडा खाऊन दोन वाक्यं बोलून गेली होती, एवढंच. कोर्सच्या दुसऱ्या वर्षी तू घरी येऊन म्हणाली होतीस, आई, आता सगळे म्हणतात की ते चूक होतं, दोन भाषांनी मुलांचं काही बिघडत नाही, तुम्ही मराठी चालू ठेवायला हवी होती. शेम, रिअली. शेम, रिअली! आणि बाबा पेपरमागून म्हणाले, वेल, दॅट वॉज द थिंकिंग ॲट द टाइम. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कुणी माफी मागितली? मिस हॅलोवेल कुठे आहेत आता? पेन्शन घेऊन गुलाब लावत असतील कुठेतरी. त्यांचा राग येतो, बाबांचा येतो, तुझा येतो. पण त्या तिघांचा मिळून येतो त्याहून जास्त राग ज्या बाईचा येतो, ती मला रोज आरशात दिसते.

सप्टेंबरमध्ये तू मला ॲडाला भेटवायला नेलंस. मला यायचं नव्हतं. मी पाय दुखतो म्हटलं, तू ऐकलं नाहीस. तुझ्या गाडीतून गेलो, कारण मी हल्ली चालवत नाही. तेही पायामुळेच, असं तुला वाटतं. केवढीशी ती बाई! पांढरी वेणी, हातावर निळ्या शिरा, खांद्यावर चौकडीची शाल. तू ओसियो म्हणालीस, म्हणजे त्यांचा नमस्कार, आणि तिचा चेहरा उजळला. मग तू काहीतरी म्हणालीस, तिने तुझ्या ओठांवर बोट ठेवलं, हलवू नकोस म्हणून. तू पुन्हा म्हणालीस. तिने मान हलवली. तू पुन्हा म्हणालीस. माझी हुशार, हट्टी पोर, मी शुद्धलेखनाची एक चूक दाखवली तर जी दोन दिवस फुगून बसायची, ती शाळकरी मुलीसारखी मान खाली घालून पुन्हा पुन्हा म्हणत होती. सातव्यांदा ॲडा हसली. तुझा हात धरून ती काहीतरी लांबलचक बोलली, तू चार शब्दांत उत्तर दिलंस, आणि ती रडायला लागली. नर्सही रडली. मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला, आजारी बाईचा, जिने माझं काही वाकडं केलं नाही तिचा, की मी पर्सचा पट्टा पिळत उभी राहिले. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला काहीतरी विचारलं. तू भाषांतर करणार एवढ्यात मी मराठीतच उत्तर देऊन बसले. म्हटलं, हो हो, मोठी गुणाची आहे, पण माझ्याशी नाही हो बोलत. ॲडाने मान डोलावली, अगदी कळल्यासारखी. तू विचारलंस, आई, व्हॉट डिड यू से? मी म्हटलं, नथिंग, अबाउट द वेदर.

आता शेवटचं, आणि हे तुला मी इंग्लिशमध्येही सांगणार आहे, रविवारी आलीस की चार वाक्यांत, अजून येतंय तोवर. तुला सांगितलं तशी नोकरी मी कंटाळून सोडली नाही. जुलैमध्ये हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटच्या खिडकीवर एक पाईक म्हणून गृहस्थ आले आणि मी त्यांना म्हटलं, बसा हं, नाव काय म्हणालात? त्यांना कळेना. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मला कळतच नव्हतं की यांना साध्या प्रश्नाचं उत्तर का देता येत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शेजारच्या खिडकीवरच्या रेखाने येऊन माझा हात धरला आणि मला चहाला नेलं. पुढच्या आठवड्यात मी गाडी घेऊन त्या गोल रस्त्यावर अडकले, उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं असतं तिथे, आणि तीन फेऱ्या मारल्या. पाट्या दिसत होत्या, पण वाचून काही बोध होईना. ऑक्टोबरमध्ये डोक्याचे फोटो काढले, वैजयंती बरोबर होती. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. कुठलं आधी जाईल ते सांगता येत नाही, पण जे नंतर शिकलेलं ते बहुधा आधी. तुझ्या चेरोकी चिठ्ठ्यांशेजारी मी इंग्लिश चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हा तू हसलीस, आई, आर यू मेकिंग फन ऑफ मी? मी हो म्हटलं. ती चेष्टा नव्हती, मंजू. ते भांडं, आत्ता उठून बघून आले, केटल. या पत्राबरोबर बारा कॅसेटी आहेत. अकरा मी तुझ्या त्या म्हातारबुवांसारख्याच भरल्या आहेत: मी म्हणते, थांबते, त्या थांबण्यात तू म्हणायचंस. पहिलीवर बाराखडी आहे, नऊवर ळ. शेवटच्या कॅसेटवर हे पत्र आहे, माझ्या आवाजात. ते तुला ऐकून समजेल तेव्हा समजेल. त्यात जे रागावले आहे ते काढून टाकलेलं नाही, कारण रागावलेली आई कशी ऐकू येते तेही तुला कळायला हवं. घाई कर. आज ना उद्या मी ॲडाच्या खुर्चीत बसेन आणि तुझ्याकडे पाणी मागेन, दुसऱ्या कुठल्या भाषेत मला ते येणार नाही. तेव्हा ग्लास मागे सरकवू नकोस. मला पार्डन म्हणू नकोस. मी तुला केलं ते तू मला करू नकोस गं. पाणी दे, आणि देताना माझ्याशी दोन शब्द बोल.

तुझीच, रागावलेली,
आई